ॲपल-१चा बोर्ड पुन्हा घडवताना

१. दोन प्रश्न आणि एका यंत्राची निवड

जुन्या संगणकाच्या प्रतिकृतीविषयी सामान्य वाचक दोन प्रश्न हमखास विचारतो. ज्या यंत्राचे उत्पादन सुमारे पन्नास वर्षांपूर्वी थांबले, ते आज घरातल्या टेबलावर नव्याने कसे घडवता येते, हा पहिला. आणि मूळ नकाशाबरहुकूम प्रत्येक भाग जागच्या जागी बसवूनही असा बोर्ड पहिल्या खेपेस सहसा का चालत नाही, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र संगणक मुळात कसा चालतो हे समजल्याशिवाय देता येत नाही, आणि या प्रकरणाचा बराचसा भाग त्यासाठीच खर्ची पडणार आहे.

लॉजिक बोर्ड म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि त्यांना जोडणारी सगळी मंडले ज्यावर बसवलेली असतात तो छापील फलक. बहुतेक संगणकांत तो पेटीच्या आत दडलेला असतो. १९७६ साली विक्रीस आलेला ॲपल-१ हा संगणक मात्र निव्वळ असा फलकच होता. पेटी, कीबोर्ड, ट्रान्सफॉर्मर आणि पडदा यांची सोय ग्राहकाने आपली आपण करायची होती. स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी कॅलिफोर्नियातील होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी मंडळींच्या मेळाव्यात दाखवण्यासाठी हा बोर्ड रचला आणि त्याच्या नकाशाच्या प्रती तिथे फुकट वाटल्या. पुढे स्टीव्ह जॉब्ज यांच्या पुढाकाराने १ एप्रिल १९७६ रोजी कंपनी स्थापन झाली, बाइट शॉप या दुकानाच्या पॉल टेरेल यांनी प्रत्येकी ५०० डॉलरप्रमाणे पन्नास बोर्डांची मागणी नोंदवली, आणि किरकोळ विक्रीची किंमत ६६६ डॉलर ६६ सेंट अशी ठरली. एकूण बोर्ड बनले ते सुमारे दोनशेच. त्यांतलेही बरेचसे कंपनीने नव्या ॲपल-२च्या बदल्यात परत घेऊन नष्ट केले. मूळ बोर्ड आज दुर्मीळ आहेत त्याचे हे एक कारण.

प्रतिकृती शक्य होते ती दोन गोष्टींमुळे. संपूर्ण मंडलाकृती ग्राहकाला मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेतच छापलेली होती, आणि बोर्डावर एकही खास बनवून घेतलेली आयसी (एकाच चकतीत सामावलेले मंडल) नव्हती. जे काही होते ते त्या काळी बाजारात कोणालाही विकत मिळत असे. नंतरच्या अनेक यंत्रांचे तसे नाही. कमोडोर ६४च्या बोर्डाची हुबेहूब नक्कल करता येते, परंतु त्यावरील चित्र आणि ध्वनी यांच्या आयसी त्या कंपनीनेच आपल्यासाठी घडवलेल्या असल्यामुळे त्या एखाद्या मृत यंत्रातून काढून आणाव्या लागतात. ॲपल-१ या अर्थाने शिकणाऱ्याच्या फार सोयीचा आहे.

२. एका फलकावरची तीन यंत्रे

ॲपल-१च्या फलकावर साठेक आयसी दाटीने बसलेल्या दिसतात आणि नवख्याला तो एकसंध पदार्थ वाटतो. प्रत्यक्षात तिथे तीन वेगळी यंत्रे शेजारी शेजारी नांदतात. पहिले वीजपुरवठ्याचे: बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरकडून आलेल्या उलटसुलट प्रवाहाचे चार स्थिर दाबांत, म्हणजे +५, +१२, −१२ आणि −५ व्होल्टमध्ये रूपांतर करणारे. दुसरे पडद्याचे: अक्षरे साठवून ती दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ४० अक्षरांच्या २४ ओळींत सतत रेखाटत राहणारे. तिसरे खरा संगणक: ६५०२ हा प्रोसेसर, मेमरी, कायमस्वरूपी कार्यक्रम साठवणाऱ्या दोन आयसी आणि कीबोर्ड व पडदा यांच्याशी देवाणघेवाण करणारी ६८२० ही आयसी.

या तिघांचा परस्परसंबंध लक्षात घेतला तर दोषशोधाची अर्धी लढाई जिंकल्यासारखीच आहे. पडद्याच्या यंत्राला प्रोसेसरची गरज नाही. प्रोसेसर सॉकेटातून काढून ठेवला तरी पडद्यावर काहीतरी उमटलेच पाहिजे. संगणकाला मात्र आपले म्हणणे मांडण्यासाठी पडदा लागतो, आणि वीज तर दोघांनाही लागते. म्हणून तपासणीचा क्रम वीज, पडदा, संगणक असाच असावा लागतो. खालचा थर पक्का आहे याची खात्री होईपर्यंत वरच्या थराकडे पाहायचेच नाही. हा नियम सांगायला सोपा असला तरी तो पाळणारे थोडेच, कारण पडदा कोरा दिसला की पहिला संशय सर्वांत महागड्या आयसीवर जातो, ती बदलली जाते, आणि सदोष वीजपुरवठा दुसरीही आयसी गिळून बसतो.

३. भाग कुठून येतात

बोर्डावरील बहुसंख्य आयसी ७४ या आकड्याने सुरू होणाऱ्या कुटुंबातील आहेत. एखादी दोन संकेतांतून एक निवडते, एखादी मोजते, एखादी पत्ता उलगडते. अशी छोटी, ठरावीक कामे त्या करतात. यांपैकी अनेक आजही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील दुकानांत विचारण्यासारख्या आहेत. तरी मूळ यादीत ७४ नंतर काही ठिकाणी एस किंवा एलएस ही अक्षरे येतात आणि काही ठिकाणी येत नाहीत, हा फरक दुर्लक्षण्याजोगा नसतो. त्या अक्षरांवरून आयसीचा वेग आणि पुढच्या भागांना प्रवाह पुरवण्याची तिची ताकद ठरते, आणि सरसकट एकच जात वापरली तर काही ठिकाणी संकेत हुकतो.

खरी टंचाई आहे ती पडद्याच्या आणि मेमरीच्या भागांची. २५०४ या शिफ्ट रजिस्टर आयसी सात लागतात, ४०९६ बिटांच्या मेमरी आयसी पूर्ण आठ किलोबाइटसाठी सोळा, अक्षरांचे आकार साठवणारी २५१३ एक, आणि यांपैकी कशाचेही उत्पादन आता होत नाही. जुन्या साठ्यातून मिळालेल्या अशा आयसींच्या चांदीचा मुलामा दिलेल्या पिना काळवंडलेल्या असतात. तो काळा थर विजेला अडवतो, म्हणून त्या खोडरबराने हलकेच घासून मगच सॉकेटात बसवाव्यात. कायमस्वरूपी कार्यक्रमाच्या दोन आयसी आतल्या सूक्ष्म वितळतारा जाळून एकदाच लिहिता येतात. त्या लिहिणारी साधने दुर्मीळ झाल्यामुळे अनेक जण त्यांच्या जागी आधुनिक मेमरी बसवलेला एक लहानसा जोडफलक वापरतात, आणि चालण्याच्या दृष्टीने त्यात काहीही उणे नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत एक सापळा आहे. ६५०२चे नवे रूप आजही बनते आणि सहज मिळते, परंतु जुन्या ६५०२मध्ये पहिली पिन ग्राउंडला जोडायची असते, तर नव्या डब्ल्यू६५सी०२एसमध्ये त्याच पिनेतून संकेत बाहेर पडतो. जुन्या बोर्डात तो तसाच खोचला की हा बाहेर येणारा संकेत थेट ग्राउंडला शॉर्ट होतो. पहिली पिन सॉकेटाबाहेर वाकवून ठेवली आणि जुन्या रूपात मोकळी असलेली ३६वी पिन +५ व्होल्टला बांधली, तरच तो चालण्याची आशा धरता येते.

४. वीज आधी, आयसी नंतर

सोल्डरिंगच्या कौशल्याविषयी इथे फार लिहिण्याचे कारण नाही. सगळ्या आयसींना सॉकेट लावावेत, बुटके भाग आधी आणि उंच भाग नंतर बसवावेत, आणि काम संपल्यावर भिंगातून प्रत्येक सांधा पाहावा, एवढे पुरे. नव्याने जुळवलेल्या बोर्डातील दोषांचे मूळ बहुतेक वेळा आयसीत नसून याच सांध्यांत असते: एखाद्या पिनेला सोल्डर लागायचेच राहून जाते, दुरुस्तीच्या दुकानांत ज्याला ड्राय सोल्डर म्हणतात तसा वरून जोडलेला दिसणारा पण आतून सुटा सांधा राहतो, शेजारच्या दोन पिना सोल्डरच्या थेंबाने जोडल्या जातात, किंवा आयसी खोचताना एखादी पिन सॉकेटात न शिरता तिच्याच पोटाखाली दुमडते.

ट्रान्सफॉर्मरकडे भारतीय वाचकाने विशेष लक्ष द्यावे. मूळ बोर्डासाठी सुचवलेले ट्रान्सफॉर्मर अमेरिकेतील ११० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ पुरवठ्यासाठी होते. ते इथल्या २३० व्होल्टना जोडणे म्हणजे अपघाताला निमंत्रण. एक ८ ते १० व्होल्टचा, तीन अँपिअरचा, आणि दुसरा मध्यबिंदू असलेला २८ व्होल्टचा, एक अँपिअरचा, असे दोन ट्रान्सफॉर्मर इथे गुंडाळून घेणे शहाणपणाचे. प्राथमिक बाजूला फ्यूज आणि झाकण हवेच. पडद्याचे चित्र सेकंदाला साठ वेळा उमटते, पण ते बोर्डावरच्या १४.३१८१८ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावरून ठरत असल्यामुळे भिंतीतल्या ५० हर्ट्झचा त्याच्याशी संबंध येत नाही.

+५ व्होल्टचा दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर तापतो, आणि तो तापणे हा दोष नव्हे. ट्रान्सफॉर्मरचे ८ व्होल्ट एकदिश होऊन कपॅसिटरवर सुमारे १० व्होल्ट जमतात असे धरू. त्यांतले ५ व्होल्ट बोर्डाला हवे असतात, उरलेले ५ रेग्युलेटरला उष्णतेच्या रूपात उधळावे लागतात. प्रवाह दीड अँपिअर असेल तर ही उष्णता ५ गुणिले १.५, म्हणजे साडेसात वॉट भरते. हाताला जाणवेल इतकी ऊब हीटसिंकवर असणारच. तो थंडगार राहिला तरच शंका घ्यावी.

पहिल्यांदा वीज सोडताना सॉकेटांत एकही आयसी नसावी. मल्टिमीटरने चारही दाब रेग्युलेटरपाशी मोजून भागत नाही, ते सॉकेटांच्या पिनांवर मोजावे लागतात, आणि त्यातही मेमरीच्या सॉकेटांवर नक्कीच. सोळा पिनांच्या बहुतेक साध्या आयसींत १६व्या पिनेवर +५ व्होल्ट आणि ८व्या पिनेवर ग्राउंड असते. या मेमरी आयसीत नेमके उलटेपालटे आहे: पहिल्या पिनेवर −५, आठवीवर +१२, नववीवर +५ आणि सोळावीवर ग्राउंड. आता अशी आयसी उलटी खोचली गेली तर काय होईल ते पाहा. आठवी पिन सोळावीच्या जागी आणि सोळावी आठवीच्या जागी जाते, म्हणजे जिथे ग्राउंड हवे तिथे १२ व्होल्ट चढतात. आयसी त्याच क्षणी जाते. −५ व्होल्ट आलेच नाहीत तर नुकसान इतके झटपट होत नसेल, पण होते. हा दाब आयसीच्या सिलिकॉन पायाला ऋण ठेवण्यासाठी असतो आणि त्याच्याविना आतून भलतेच प्रवाह वाहू लागतात. 

५. पडद्यामागचे रहाटगाडगे

आजच्या संगणकात पडद्यावरील प्रत्येक अक्षराला मेमरीत आपला असा पत्ता असतो आणि हवे ते अक्षर हव्या त्या क्षणी बदलता येते. ॲपल-१च्या काळी तशी मेमरी महाग होती, म्हणून वॉझ्निॲक यांनी शिफ्ट रजिस्टर वापरले. शिफ्ट रजिस्टर म्हणजे विहिरीवरचे रहाटगाडगे: १०२४ पोहरे एकापाठोपाठ एक माळेत बांधलेले, चाक एका ठेक्यात फिरते आहे, आणि कोणत्याही पोहऱ्यात काही घालायचे वा त्यातून काही काढायचे तर तो फिरत फिरत काठाशी येईपर्यंत थांबावे लागते. पोहऱ्यात मावतो तो एकच बिट, म्हणजे शून्य किंवा एक.

एक अक्षर सांगायला इथे सहा बिट लागतात, म्हणून अशा सहा माळा एकाच ठेक्यात फिरतात, आणि कर्सर कुठे आहे हे लक्षात ठेवायला सातवी. पडद्यावरच्या ९६० जागा या १०२४ पोहऱ्यांत मावतात. माळेचा एक फेरा पडद्याच्या एका चित्राइतक्या वेळात, म्हणजे सेकंदाच्या सुमारे साठाव्या भागात पुरा होतो, आणि कर्सरची जागा प्रत्येक फेऱ्यात एकदाच काठाशी येते. साहजिकच सेकंदाला साठाहून अधिक अक्षरे लिहिता येत नाहीत. पूर्ण पडदा भरायला ९६० भागिले ६०, म्हणजे सोळा सेकंद. प्रतिकृती चालू झाल्यावर ती फार हळू लिहिते म्हणून कित्येकांना दोषाचा संशय येतो. तो मंदपणा मूळ रचनेतलाच आहे.

माळेतून निघालेला सहा बिटांचा संकेत २५१३ या आयसीकडे जातो, जिच्यात ६४ अक्षरांचे पाच गुणिले सात ठिपक्यांचे आकार कोरलेले असतात. अक्षरांची एक ओळ रेखाटायला पडद्याच्या आठ रेषा लागत असल्याने तीच चाळीस अक्षरे आठ वेळा पुन्हा पुन्हा द्यावी लागतात, आणि तेवढ्यापुरती ती ओळ २५१९ या वेगळ्या, चाळीस जागांच्या रजिस्टरमध्ये धरून ठेवली जाते.

आता तपासणी. प्रोसेसर, मेमरी आणि कार्यक्रमाच्या आयसी बाजूला ठेवून फक्त पडद्याचा भाग भरला आणि वीज सोडली, की पडद्यावर अर्थहीन चिन्हांची गर्दी दिसली पाहिजे, कारण माळांतल्या पोहऱ्यांत सुरुवातीला काय असेल याला काही धरबंध नसतो. ही गर्दी दिसणे ही आनंदाची गोष्ट आहे: स्फटिक, मोजणाऱ्या आयसी, माळा आणि अक्षरांचे आकार हे सगळे निदान हालचाल करत आहेत, असा तिचा अर्थ. पडदा पुसण्याची कळ दाबताच ती गर्दी जाऊन वरच्या कोपऱ्यात लुकलुकणारा @ उरावा. हाच या यंत्राचा कर्सर. चित्र स्थिर पण कर्सर लुकलुकत नसेल तर ५५५ या टायमर आयसीभोवती पाहावे. चिन्हे मुळीच नसतील आणि चित्राची चौकट मात्र असेल, तर माळा फिरवणाऱ्या डीएस००२५ या चालक आयसीकडे. शिफ्ट रजिस्टरांना साध्या आयसींच्या पाच व्होल्टांहून पुष्कळ मोठा झोका लागतो आणि तो देणे हे तिचे काम.

यापेक्षा सूक्ष्म दोष पुढे अक्षरे उमटू लागल्यावर कळतो. समजा कीबोर्डवरून APPLE हा शब्द लिहिला आणि पडद्यावर @PPLD असे उमटले. संकेतांच्या कोष्टकात @, ए, बी, सी यांना अनुक्रमे ०, १, २, ३ असे क्रमांक आहेत. ए (१) हा @ (०) झाला आणि ई (५) हा डी (४) झाला, म्हणजे विषम क्रमांकाचे अक्षर एकाने घटले. पी (१६) आणि एल (१२) हे सम असल्यामुळे त्यांना धक्का लागला नाही. सर्वांत खालचा बिट नेहमी शून्यच राहतो आहे, असा याचा सरळ अर्थ. तोच बिट नेहमी एक राहिला असता तर उलट सम अक्षरे बिघडली असती आणि AQQME असे दिसले असते. प्रत्येक बिटाची माळ वेगळी असल्याने संशय एकाच आयसीपर्यंत येऊन ठेपतो. तरीही ती लगेच फेकू नये. साती माळांच्या आयसी एकाच जातीच्या आहेत, तेव्हा संशयित आयसी शेजारच्या आयसीशी अदलाबदल करून पाहावी: दोष तिच्याबरोबर सरकला तर ती सदोष, आणि दोष जागीच राहिला तर सॉकेट, सांधा किंवा त्याच वाटेवरचा दुसरा भाग. अदलाबदलीचा हा उपाय फुकटचा आहे आणि ऑसिलोस्कोप नसलेल्या माणसाचा तोच मुख्य आधार.

६. एक तिरकी रेघ

संगणकाचा भाग भरून झाला की पडदा पुसायचा आणि रीसेटची कळ दाबायची. ॲपल-१ आपोआप सुरू होत नाही. वीज दिल्यावर ही कळ दाबावीच लागते. सर्व ठीक असेल तर पडद्यावर \ अशी तिरकी रेघ उमटते आणि कर्सर पुढच्या ओळीवर जातो. या दोन घटना वेगवेगळ्या आहेत आणि त्यांच्यामधल्या फटीत बरीच माहिती दडलेली आहे. ती समजण्यासाठी कळ दाबल्यानंतर काय घडते ते पाहू.

पत्ते आणि संकेत लिहिण्यासाठी सोळा अंकांची पद्धत वापरतात: ० ते ९ नंतर ए, बी, सी, डी, ई, एफ. एक अंक म्हणजे चार बिट. दोन अंक म्हणजे आठ बिट, अर्थात एक बाइट. पत्त्याला चार अंक. पत्त्याचा पहिला अंक ७४१५४ ही आयसी पाहते आणि सोळा गटांपैकी एक निवडते. एकूण ६४ किलोबाइटच्या जागेचे सोळा भाग केल्यावर प्रत्येक गट चार किलोबाइटचा होतो. कोणता गट कोणत्या भागाला द्यायचा हे बोर्डावर लहान तारा जोडून ठरवावे लागते: ०चा गट मेमरीला, डीचा कीबोर्ड-पडद्याच्या आयसीला, एफचा कायमस्वरूपी कार्यक्रमाला. या तारा जोडायच्या राहिल्या तर बाकी सगळे निर्दोष असूनही संगणक मुका राहतो, आणि ही चूक इतकी सर्रास होते की आयसींवर संशय घेण्याआधी तारा पाहणे बरे.

रीसेटनंतर ६५०२ हा प्रोसेसर एफएफएफसी आणि एफएफएफडी या दोन पत्त्यांवर काय लिहिले आहे ते वाचतो. तिथे ०० आणि एफएफ असते, म्हणजे ‘एफएफ०० या पत्त्यापासून कामाला लाग’. तिथे वॉझ्निॲक यांचा मॉनिटर नावाचा अवघा २५६ बाइटचा कार्यक्रम असतो. तो प्रथम ६८२०ला सज्ज करतो, मग तिरक्या रेघेचा संकेत हाती घेऊन ‘एक अक्षर पडद्याला पाठव’ या उपकार्यक्रमाकडे उडी घेतो, तिथून परततो, आणि मग ओळ बदलण्याचा संकेत त्याच वाटेने पाठवतो.

रेघ उमटलीच नाही तर प्रोसेसर जिवंत आहे का हे आधी पाहावे. लॉजिक प्रोब हे स्वस्त साधन, किंवा असल्यास ऑसिलोस्कोप, प्रोसेसरच्या ३७व्या पिनेला लावला की घड्याळाचे ठोके दिसले पाहिजेत. ४०वी पिन कळ दाबताना खाली आणि सोडल्यावर वर गेली पाहिजे. दुसरी, चौथी आणि सहावी पिन वर असली पाहिजे. सातव्या पिनेवर प्रत्येक नवी आज्ञा वाचताना एक ठोका येतो, त्यामुळे ती हलत असेल तर प्रोसेसर काहीतरी वाचतो आहे हे निश्चित. काय वाचतो आहे हा पुढचा प्रश्न.

इथे एक मासलेवाईक चूक संभवते. मॉनिटर दोन आयसींत अर्धा अर्धा साठवलेला असतो: प्रत्येक बाइटचे वरचे चार बिट एकीत, खालचे चार दुसरीत. दोघी दिसायला सारख्या, आणि त्यांची अदलाबदल झाली तर प्रत्येक बाइटचे दोन अंक उलटे होतात. रीसेटनंतर वाचायचे ०० आणि एफएफ उलटे केले तरी ०० आणि एफएफच राहतात! प्रोसेसर त्यामुळे अगदी योग्य पत्त्यावर पोहोचतो, पण तिथे डी८ या पहिल्या आज्ञेऐवजी त्याला ८डी ही सर्वस्वी निराळी आज्ञा दिसते आणि तो भरकटतो. मापनाच्या साधनांवर सगळे सुरळीत दिसावे आणि पडदा मात्र कोरा राहावा, असा हा प्रकार. उपाय एका मिनिटाचा.

रेघ उमटली पण कर्सर खालच्या ओळीवर गेला नाही, तर निदान बदलते. उपकार्यक्रमाकडे उडी घेताना प्रोसेसर परतीचा पत्ता मेमरीत ठेवून जातो. उडी घ्यायला मेमरी चांगली असण्याची गरज नाही, परतायला आहे. रेघ दिसली म्हणजे प्रोसेसर, कायमस्वरूपी कार्यक्रम, ६८२० आणि पडदा या सर्वांनी आपापले काम केले. प्रोसेसर परतला नाही म्हणजे ठेवलेला पत्ता त्याला जसाच्या तसा मिळाला नाही. मेमरीच्या सोळा आयसींपैकी पहिल्या आठांकडे एवढ्या एका रेघेवरून बोट दाखवता येते.

उदाहरणच घेऊ. ठेवलेला पत्ता असतो एफएफ१ई, आणि परतताना प्रोसेसर त्यात एक मिळवून एफएफ१एफवर जातो. मेमरीतला सर्वांत खालचा बिट नेहमी एकच राहत असेल, तर १ईचा १एफ होतो आणि प्रोसेसर एफएफ२०वर उतरतो. एक बाइट पुढे. त्या जागी ओळ बदलण्याचा संकेत ८डी ठेवलेला असतो. तो प्रोसेसरने संकेत म्हणून उचलायचा होता, आता तो त्याला आज्ञा समजतो, आणि तिथून पुढे काय घडेल याला महत्त्व उरत नाही. गंमत अशी की दोष दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या बिटात असाच ‘नेहमी एक’ असता, तर एफएफ१ईमध्ये ते बिट मुळातच एक असल्याने परतीचा पत्ता शाबूत राहिला असता, ओळ बदलली असती, आणि दोष पुढे कुठेतरी वेगळ्याच वेषात भेटला असता. कर्सर खाली उतरला म्हणून मेमरी निर्दोष ठरत नाही, ती यामुळे.

७. मेमरीतला एक बिट

मेमरीच्या आठ आयसींच्या एका गटात प्रत्येक आयसी सर्व बाइटांचा एकेक बिट सांभाळते. कोणता बिट खराब हे कळले की कोणती आयसी हे आपोआप कळते. अडचण अशी की ज्या पहिल्या गटात दोष आहे त्याच गटाच्या आधारे मॉनिटर चालतो, म्हणून रुग्णाकडूनच त्याची तपासणी करून घेता येत नाही. यावर तोड म्हणजे दोन्ही गटांच्या आयसींची अदलाबदल. दुसऱ्या गटातल्या आठ आयसी चांगल्या निघाल्या तर त्या पहिल्या जागी बसवल्यावर मॉनिटर चालू होतो, आणि संशयित आठ जणींना दुसऱ्या गटात, ज्याला सहसा ईचा गट देतात, तिथे निवांत तपासता येते.

कीबोर्डवर E000:FF असे लिहिले की त्या पत्त्यावर आठही बिट एक असलेला बाइट ठेवला जातो. मग नुसते E000 विचारले आणि उत्तर एफ७ आले, तर एफऐवजी ७, म्हणजे पंधराऐवजी सात, म्हणजे आठची उणीव: आठ मोलाचा, खालून चौथा बिट एक धरत नाही. त्या बिटाची आयसी बदलावी. एफएफ ठीक आले तरी ०० ठेवूनही पाहावे, कारण नेहमी एक राहणारा बिट पहिल्या चाचणीत लपतो.

दुसऱ्या प्रकारचा दोष पत्त्यांचा. बिट सगळे चांगले, पण एका जागी लिहिले की दुसरीही जागा बदलते. ४०९६ जागांचा पत्ता सांगायला बारा बिट लागतात; या आयसीला पत्त्याच्या पिना मात्र सहाच आहेत, म्हणून पत्ता दोन हप्त्यांत, आधी सहा आणि मग सहा बिट असा दिला जातो. एखादी पिन जोडली गेली नसेल तर दोन्ही हप्त्यांतला एकेक बिट हरवतो आणि प्रत्येक जागा चार पत्त्यांना उत्तर देऊ लागते. ४०९६ भागिले ४, म्हणजे १०२४ जागाच खऱ्या उरतात. चाराच्या पटीत होणारी अशी पुनरुक्ती दिसली की आयसी न बदलता पत्त्याच्या वाटेवरचे सांधे तपासावेत.

तिसरा प्रकार विस्मरणाचा. या मेमरीत बिट म्हणजे अतिसूक्ष्म विद्युतभार असतो आणि तो झिरपत जातो, म्हणून चौसष्ट ओळींपैकी प्रत्येक ओळ दर दोन मिलिसेकंदांच्या आत ताजी करावी लागते. बोर्ड हे काम प्रोसेसरच्या वेळातून चोरून करतो: पडद्याच्या एका रेषेच्या काळात प्रोसेसरच्या घड्याळाचे ६५ ठोके पडतात, त्यांपैकी ४ मेमरीच्या उजळणीला दिले जातात. एका रेषेत चार ओळी, तेव्हा ६४ ओळींना १६ रेषा. रेष सुमारे ६३.५ मायक्रोसेकंदांची, म्हणजे सगळी उजळणी साधारण एका मिलिसेकंदात आटोपते आणि मुदतीच्या निम्माच वेळ लागतो. याच चोरीमुळे १.०२३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर प्रत्यक्षात ०.९६०च्या वेगाने चालतो. लिहिलेला बाइट लगेच वाचला तर बरोबर आणि थोड्या वेळाने वाचला तर चुकीचा येत असेल, तर उजळणीचा हा ठोका मेमरीपर्यंत पोहोचत नाही असे समजावे.

८. चालू झाल्यावर

मूळ माहितीपुस्तिकेत एक छोटी चाचणी दिली होती आणि आजही प्रतिकृती घडवणारे तिनेच श्रीगणेशा करतात. 0:A9 0 AA 20 EF FF E8 8A 4C 2 0 असे लिहून नंतर आर ही आज्ञा दिली, की यंत्र एकेक संकेत वाढवत पडद्याला पाठवत राहते आणि सगळी अक्षरे ओळीने, थांबवेपर्यंत, वाहू लागतात. एकही अक्षर जागा चुकले नाही तर सहाही माळा, प्रोसेसर आणि मेमरीचा निदान सुरुवातीचा भाग ठीक आहे. बोर्ड असाच काही तास चालू ठेवावा. जे सांधे थंड असताना पकडून असतात ते तापल्यावर सुटतात, आणि जुन्या मेमरीचा भारही उष्णतेत लवकर झिरपतो. संध्याकाळी चाललेला बोर्ड दुपारच्या उकाड्यात रुसतो तो यामुळे.

राहता राहिली ओळख, म्हणजे प्रतिकृती मूळ बोर्डापासून वेगळी ओळखू येण्याचा प्रश्न. २०१४ साली न्यूयॉर्कमधील बोनम्सच्या लिलावात एक मूळ ॲपल-१ नऊ लाख पाच हजार डॉलरना विकला गेला. हेन्री फोर्ड संग्रहालयाने तो घेतला. एवढी रक्कम पणाला लागल्यावर जुन्या सालाचे शिक्के असलेल्या आयसी, त्याच आकाराचे निळे कपॅसिटर आणि हुबेहूब छापलेला फलक यांचा उपयोग हौसेपलीकडेही होऊ शकतो. म्हणून प्रतिकृतीचा फलक छापून घेतानाच तो प्रतिकृती असल्याचा उल्लेख आणि छपाईचे वर्ष तांब्याच्या थरातच उमटवून घ्यावे. वरच्या पांढऱ्या शाईतला मजकूर खरवडून काढता येतो, तांब्यातला काढायला गेले तर खूण राहते.